ओढ्याची रेघ कोण मारतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



संगणकावर आराखडे काढायला मी शिकले, त्याविषयी मला बोलायला सांगितलं आहे. काही जणींना वाटेल, हे इंजिनिअरचं काम, आपल्या चळवळीशी त्याचा काय संबंध? संबंध पाण्याचा आहे.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या कामांवर बायांनी माती वाहिली, मोजणीच्या वेळी पट्टी धरून उभ्या राहिल्या. दुर्बिणीतून पाहणारा, आकडा लिहिणारा आणि कागदावर रेघ मारणारा बहुतेक वेळा पुरुषच असे. पुढे २०१४ पासून जलयुक्त शिवारमध्ये ओढे खोल आणि रुंद करण्याची कामं गावोगाव निघाली. तेव्हा पोकलेन आलं आणि मातीची पाटीही आपल्या हातून गेली. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. सरपंचबाई आराखड्यावर सही करतात. पण तो वाचायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

आमच्या ओढ्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा आला, तेव्हा मी कॅड शिकले होते. आराखड्यात ओढा सरळ होता, काठ उभे होते. उन्हाळ्यात आम्ही वाळूत झिरे खणतो ती जागा त्यात नव्हती. धुण्याचे दगड नव्हते, घागर घेऊन चढायची वाटही नव्हती. कॅडमध्ये प्रत्येक प्रकारच्या रेघांसाठी वेगळा थर करतात, त्याला लेअर म्हणतात. काठाचा एक, रस्त्याचा एक, शेताच्या हद्दीचा एक. आमच्या पाणवठ्याचा लेअर कोणी केलाच नव्हता. मग पोकलेनवाल्याला तो दिसणार कसा?

आम्ही सात जणींनी टेप आणि लेव्हल घेऊन ओढा पुन्हा मोजला. दर २० मीटरवर आडवा छेद घेतला. आकडे संगणकात भरले की काठाची आणि तळाची रेघ उमटते. दोन छेदांची क्षेत्रफळं मिळवायची, निम्मी करायची आणि मधल्या अंतराने गुणायची, की खोदाई निघते. एका छेदात ६ चौरस मीटर आणि पुढच्यात ४ असेल, तर २० मीटरमध्ये १०० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ ब्रास. एवढं आलं की बिलातला आकडा कोणालाही तपासता येतो.

लांबीचा छेद वाचताना मात्र जपायला हवं. त्यात उंचीचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं असतं, त्यामुळे साधा उतारही कडा वाटतो. बाजूची मापं वाचल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नका.

त्याच छेदांवर आम्ही शेजारच्या विहिरींच्या पाण्याची पातळीही मांडली. आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. ओढ्याचा तळ त्याच्याही खाली नेला, तर विहिरीचं पाणी ओढ्यात उतरू शकतं. आमच्या दोन विहिरींपाशी नेमकं हेच होणार असं छेदात दिसत होतं. तो कागद आम्ही ग्रामसभेत ठेवला. काठाला दोन ठिकाणी उतार ठेवायचं आणि झिऱ्यांची जागा न खोदायचं मान्य झालं. खोलीचा वाद अजून चालू आहे.

शिकणं अवघड आहे का? आज्ञा इंग्रजीत असतात, पण रोजच्या कामाला दहा-पंधराच लागतात. लाइन, ट्रिम, ऑफसेट, कॉपी. सातवी शिकलेली आमची एक मैत्रीण हे सगळं करते. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि आजही महाग आहे. आपलं काम लिब्रेकॅडवर भागतं. ते फुकट मिळतं. गावाच्या नकाशासाठी क्यूजीआयएस आहे, तेही फुकट. एक जुना संगणक गटात मिळून वापरता येतो. मात्र एकटीने शिकू नका, दोघी-तिघी मिळून शिका. म्हणजे एकीचं लग्न झालं किंवा ती कामासाठी बाहेरगावी गेली, तरी विद्या गावात राहते.

संगणक आला म्हणून न्याय येत नाही. चुकीची मापं भरली तर तो चुकीचंच चित्र सुबक काढून देतो. ओढा कुठे वाहतो, कुठे मुरतो, चैत्रात कुठे ओल राहते, हे पाणी भरणाऱ्या बाईला माहीत असतं. ते आराखड्यात यायला हवं.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या गावात ओढ्याचं काम निघालं, तर यंत्र यायच्या आधी आराखडा मागा. तळ किती खाली जाणार, विहिरींची पातळी मांडली आहे का, आणि बायांनी पाण्यापर्यंत उतरायचं कुठून, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर कागदावर दाखवायला सांगा.