खोकला अंगावर काढू नका



माझ्या जाऊबाईंनी विडीला कधी हात लावला नाही, तरी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. क्षय समजून सहा महिने वाया गेले. मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा ‘ईजीएफआर’चा दोष निघाला. तो विडी न ओढणाऱ्यांत व स्त्रियांत अधिक आढळतो. त्यावर जेफिटिनिबची रोज एक गोळी. ती पेशीला मिळणारा वाढीचा हुकूमच अडवते. त्याच रुग्णालयाने ३५० रोग्यांवर केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोळीला केमोची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांवरून १६ वर गेला. रोग समूळ जात नाही. पण जाऊबाईंनी लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. क्षयाच्या औषधाने उतार पडेना, तर पुढची तपासणी मागा.