नोकरी सांभाळून अफूच्या व्यसनावर उपचार

अफूबाज म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें ओट्यावर पेंगणारा, घरदार घालवून बसलेला मनुष्य उभा राहतो. परंतु श्रोतेहो, अफू, मॉर्फिन किंवा हेरॉइन (आपल्याकडील गर्द ही हेरॉइनचीच ओबडधोबड जात) अंगवळणीं पडलेलीं कितीतरी माणसें सकाळीं वेळेवर कचेरींत हजर असतात. कांहींच्या व्यसनाचा आरंभ तर दुखण्यावर दिलेल्या औषधांतूनच होतो. अशा माणसाला व्यसनाइतकीच उपचाराची धास्ती वाटते. महिन्याची रजा कोणत्या कारणानें मागावी? आणि कारण कळल्यावर खुर्ची राहील काय?

हेरॉइनचा अंमल अवघा चार-सहा तासांचा. तो ओसरूं लागला कीं नाक गळतें, घाम फुटतो, हातपाय ठणकतात, पोटांत कळा येतात. कचेरीच्या एका दिवसांत या माणसाला एकदोनदां तरी विषाची सोय पहावी लागते. कामाचा बिघाड होतो तो नशेइतकाच या वाट पाहण्यानें.

१९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मानसरोगतज्ज्ञ डॉ. मारी निस्वांडर यांना नेमकें हेंच दिसून आलें. प्रथम त्यांनीं रोग्यांना मॉर्फिन देऊन पाहिलें. रोगी पुढच्या सुईची वाट पाहत बसून राहत. मग त्यांनीं मेथडोन दिलें. तेंही अफूच्याच गणांतलें. पण तें तोंडानें घेतां येतें, आणि योग्य मात्रा एकदां बसली म्हणजे दिवसभर शरीर स्थिर राहतें. लौकरच एक रोगी चित्रें काढूं लागला, तर दुसरा राहून गेलेली शाळेची परीक्षा देऊं द्या म्हणून मागें लागला. (परीक्षेची ओढ इतकी असूं शकते, हें शाळाखात्यानें टिपून ठेवावें!) १९६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत २२ रोग्यांची हकीकत आहे.

आपल्याकडे याच तत्त्वावर मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखालीं ठेवण्यास देतात. पहिली गोळी मात्र जुनी नशा उतरून त्रास सुरू झाल्यावरच घ्यावयाची. आधीं घेतल्यास त्रास एकदम भडकतो. म्हणून आरंभ सुटीला जोडून केलेला बरा. सुरुवातीला गुंगी येऊं शकते, तेव्हां मोटार किंवा यंत्र चालविणारानें डॉक्टरांना विचारल्यावांचून कामावर जाऊं नये. कित्येक सरकारी केंद्रांत रोज जाऊन समोर गोळी घ्यावी लागते. कचेरी दहाची आणि केंद्र नऊला उघडणारें, अशानें कामकरी माणसाचा उपचार चालावा कसा? दरवाजा तासभर आधीं उघडणें हा या बाबतींत औषधाचाच भाग मानला पाहिजे.

घरांत मग कुरकुर सुरू होते, "एक व्यसन सोडून दुसरें लावून घेतलें!" ही समजूत घातक आहे. कांहीं आठवडे नशा सुटली म्हणजे शरीराची सहनशक्ति घटते; गोळी एकाएकीं टाकून जो पूर्वीच्या मात्रेकडे वळतो, त्याचा श्वासच बंद पडण्याचा संभव असतो. मधुमेह्याच्या इन्सुलिनला कोणी व्यसन म्हणत नाहीं. गोळी कमी करणें ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें, सावकाश. घरीं धड आधार नसेल, किंवा दारूचीही जोड असेल, तर निवासी उपचारच बरा. पुण्याचें मुक्तांगण १९८६ पासून तें काम करीत आहे.

राहिली अब्रूची गोष्ट. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेंत स्वेच्छेनें उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशीं निगडित मानसिक विकारही मानसिक आजारांत धरले असून, कांहीं अपवाद सोडल्यास रोग्याची माहिती गुप्त राखणें डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेव्हां रजेच्या दाखल्यावर काय लिहावें आणि किती लिहावें, हें पहिल्याच भेटींत त्यांच्याशीं बोलून ठरवावें.