दाब, प्रवाह आणि पंपाची तार

श्रोतेहो, मुरूड, आंजर्ले, केळशी या आपल्या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याच्या गावांतून पूर्वी नारळी-पोफळीच्या वाड्या रहाटाच्या पाण्यावर शिंपत. आज तिथे विजेचा पंप आहे. पण संध्याकाळी कळ दाबावी आणि पंपाने नुसते घुमावे, पाणी काही चढू नये, हा अनुभव पुष्कळांना असेल. असे वारंवार झाले की मोटार जळते आणि बोल मोटारीला लागतो. पुष्कळदा दोष तारेचा असतो, आणि तो साध्या गुणाकार-भागाकाराने सापडतो.

विजेचा दाब मोजतात व्होल्टमध्ये, प्रवाह अँपियरमध्ये आणि तारेचा अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये. हे ओहम जर्मनीतले एक शाळामास्तर. 1827 साली त्यांनी आपला नियम प्रसिद्ध केला. दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणा, शक्ती मिळते, वॅटमध्ये.

पाणी तापवायची विजेची सळई घ्या. दाब 230 व्होल्ट, प्रवाह 4 अँपियर. भागाकार केला की रोध साडेसत्तावन्न ओहम. गुणाकार केला की शक्ती 920 वॅट. आता दाब 200 वर उतरला. प्रवाहही उतरून साडेतीन अँपियरच्या आसपास येतो आणि शक्ती राहते 700 वॅटच्या आत. दाब आठव्या हिश्शाने घटला, पण शक्ती जवळजवळ पाव हिश्शाने गेली! मोटारीचा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा असतो. तारेला मात्र हाच नियम लागतो.

समजा, घर वर डोंगरउतारावर, विहीर खाली 100 मीटरवर. जायची आणि यायची मिळून तार 200 मीटर झाली. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.012 ओहम, म्हणजे एकूण 2.4 ओहम. पंप 5 अँपियर घेत असेल, तर 12 व्होल्ट तारेतच खर्च होतात. बारा पंचे साठ! साठ वॅटचा एक दिवा जळावा तेवढी वीज नुसती तार तापवण्यात जाते.

खरी गोम पुढेच आहे. सुरू होताना मोटार चार-पाच पट प्रवाह ओढते. 25 अँपियर धरले तर तारेत जवळजवळ 60 व्होल्ट अडतात आणि पंपाशी पोचतात कसेबसे 170. मग मोटार घुमणार नाही तर काय करील? तीच तार 4 चौरस मिलिमीटरची घातली, तर रोध येतो 0.9 ओहमवर आणि सुरुवातीची घट 23 व्होल्टच्या आसपास.

तेव्हा वायरमनकडून, पंप चालू असताना, दाब दोन ठिकाणी मोजून घ्या: घराच्या मीटरापाशी आणि पंपापाशी. दोन्हींत अंतर मोठे असेल, तर तार बारीक आहे, किंवा खाऱ्या हवेने सांधे गंजले आहेत. मीटरापाशीच दाब कमी असेल, तर मात्र तार बदलून उपयोग नाही. वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि मोजलेले आकडे तिच्यात लिहा. चालू लाइनीला स्वतः हात लावू नका, बरे का.

शिक्षक बंधुभगिनींनो, हेच गणित फळ्यावर मांडा. घरच्या विहिरीचे अंतर मुलांनाच पावलांनी मोजून आणू द्या. आकडा आपल्या अंगणातला असला की नियम पाठ करावा लागत नाही.