चौकट नाकारणारी चित्रकथा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चित्रकथा म्हणजे मुलांच्या फावल्या वेळची करमणूक, ही चळवळीतील जुनी समजूत. दिल्लीच्या ‘नवयान’ने २०११ साली काढलेले ‘भीमायन’ पाहिल्यावर ती टिकणे कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेले अस्पृश्यतेचे अनुभव हा या इंग्रजी पुस्तकाचा आधार. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची.

चित्रकथेचे पान एरवी चौकोनांत कापलेले असते. व्याम दांपत्याने ते चौकोन घेतलेच नाहीत. माणसे पेटीत कोंडली की गुदमरतात, ही त्यांची भूमिका. गोंडांच्या घरांत भिंतींवर आणि जमिनीवर जी नक्षी रेखतात, तिच्याच वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पान विभागले आहे. पात्रांचे बोलही एका साच्याचे नाहीत. सोसणाऱ्या, मृदू माणसाचे शब्द पाखराच्या आकारात येतात. जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. निरक्षर माणसालाही कोण कोणाला डसतो आहे हे उमगावे!

पुस्तकाचे खरे सामर्थ्य मात्र पाण्याच्या प्रकरणात आहे. तहानलेल्या लहानग्या भीमाचे धडच मासा होते. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याच्या हक्काविषयी बोलू लागतात, आणि कर्ण्यांतून जनसमुदायावर पाण्याचे तुषार पडतात. महाडवर व्याख्याने काय थोडी झाली? तळे खुले करणारा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, सत्याग्रहाची तारीख, सारे वक्त्यांना मुखोद्गत असते. ते भाषण म्हणजे तहानेल्यांवर पडलेले पाणी होते, हे या दोन चित्रकारांनी दाखविले.

पुस्तक निर्दोष नाही. बसथांब्यावर आरक्षणाबद्दल कुरकुरणारा तरुण आणि त्याला इतिहास सांगणारी तरुणी, ही कथेची जोडणी बाळबोध आहे. तेथे चित्रे गप्प बसतात व मजकूर शिकवणी घेऊ लागतो. नेमका हाच दोष प्रचारपुस्तिकांत मुरलेला आहे. तेथे बाबासाहेब कोट आणि चष्म्यासह मुखपृष्ठाच्या चौकटीत उभे असतात, आणि मजकूर जुळवून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यासाठी चित्रकाराला निरोप जातो. पुढच्या शिबिराच्या पुस्तिकेसाठी त्याला पहिल्याच बैठकीला बोलवावे, आणि मजकूर त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा.