पावती मागा, हिशेब विचारा

आज पदवी घेतलेल्या मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त, कारण फी त्यांनी भरली.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ असं छापलंय. मी मार्गदर्शक वगैरे नाही. मी सनदी लेखापाल, आणि तोही शिक्षणसंस्थांचे हिशेब तपासणारा. आमच्या धंद्यात याहून कमी कमाईचं काम नसेल. कारखान्याचं ऑडिट केलं की चेक मिळतो. संस्थेचं केलं की शाल, श्रीफळ आणि “साहेब, तुम्ही तर घरचेच” एवढं मिळतं. आमच्या घरात शालींना आता कपाट पुरत नाही. आज आणखी एक मिळाली, प्राचार्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

मी याच कॉलेजचा. त्यामुळे विषय दिलाय ‘माजी विद्यार्थी आणि महाविद्यालयाचा विकास’. म्हणजे पैसे मागायचे आहेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

२०२३ च्या जूनमध्ये नंदन नीलेकणींनी मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. १९७३ साली तिथे प्रवेश घेतला, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. आधीचे ८५ धरून एकूण ४०० कोटी. बातमी आली आणि माझा फोन वाजायला लागला. तालुक्याच्या ठिकाणची संस्था, दोन हजार मुलं, आणि चेअरमन विचारतायत, “आपल्यातला एखादा नीलेकणी शोधता येईल का हो?” मी म्हटलं, आधी माजी विद्यार्थ्यांची यादी तर दाखवा. यादी आली. दाखल्यांच्या रजिस्टरवरून उतरवलेली. पत्ता ‘मु. पो.’ आणि पुढे गावाचं नाव, फोनचा रकाना कोरा. ज्याला पंचवीस वर्षांत साधं पोस्टकार्ड पाठवलं नाही, त्याच्याकडे एकदम कोटीची अपेक्षा!

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत ‘माजी विद्यार्थी सहभाग’ आल्यापासून तर मौजच आहे. मूल्यांकन आलं म्हटलं की संघाची नोंदणी, घटना, बँक खातं, सगळं घाईघाईत उरकायचं. मग मेळावा. फेटे, जिलेबी-मठ्ठा, ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी भाषणं आणि माईकवरून जाहीर होणाऱ्या देणग्या. कोणी उठतो, “माझ्याकडून एक लाख!” टाळ्या. मग क्लार्क वर्षभर स्मरणपत्रं लिहीत बसतो. मार्चअखेर प्राचार्य मला म्हणतात, “जमेला धरा ना, शब्द दिलाय त्यांनी.” टाळ्या जमेला धरता येत नाहीत हो.

आमच्या धंद्याचं आणखी एक दुखणं सांगतो. ३१ मार्चच्या आसपास संस्थेला देणगीदाराचा एक ठरावीक फोन येतो. “पन्नास हजारांचा चेक देतो, पावती पूर्ण द्या, रोख चाळीस परत करा.” मी नाही म्हटलं की संस्थेचं उत्तर ठरलेलं: “मग दुसरा सीए बघतो.” आणि बघतात. त्यांना तो मिळतोही. या पायी काही संस्थांचं काम मी सोडलं, आणि ज्यांनी ते घेतलं ते आज माझ्यापेक्षा मोठ्या गाडीतून फिरतात.

पण हे लबाड झाले. मला त्याहून जास्त त्रास सज्जन देणगीदारांनी दिला. एका संस्थेत एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या नावे सभागृह बांधून दिलं. चारशे खुर्च्या, मखमली पडदा, वातानुकूलन. संगमरवरी फलकावरचं आजोबांचं नाव वडिलांच्या नावापेक्षा लहान झालं म्हणून तो फलक पुन्हा करायला लावला. सगळं खरं, चोख, चेकने. दोन वर्षांनी ऑडिटला गेलो तर सभागृहाला कुलूप. वीजबिल परवडत नाही, म्हणून फक्त गॅदरिंगला उघडतात. मागच्या बाजूला मुलींचं स्वच्छतागृह. दाराला कडी नाही, म्हणून एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. पाण्याची मोटर जळून चार महिने झालेले. मी दुरुस्तीचं खातं उघडलं. तिथे शिल्लक शून्य होती.

अनुदानित पदांचा पगार सरकार देतं. कडी, तोटी, मोटर पगारपत्रकात बसत नाही. आणि कडीवर कोणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून देणगीदारही देत नाही. आपल्या गावोगावच्या कॉलेजांची ही अवस्था आहे. इमारतींना नावं आहेत, टाक्यांना झाकणं नाहीत.

नावाला माझा विरोध नाही. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावासाठी १५ लाख दिले, त्यावर अण्णासाहेब कर्व्यांचं महिला विद्यापीठ स्थिरावलं. फर्ग्युसनला नाव गव्हर्नरचं, त्याने १,२०० रुपये दिले होते. पण कॉलेज चाललं ते आगरकर-गोखल्यांसारख्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारात वर्षानुवर्षं शिकवलं म्हणून. आणि कर्मवीर भाऊराव? मोठी देणगी देतो, पण साताऱ्याच्या कॉलेजचं शिवाजी महाराजांचं नाव बदला, असं म्हणणाऱ्याला त्यांनी वाटेला लावलं. मुठीमुठीने धान्य गोळा करून बोर्डिंगं चालवणाऱ्या माणसाला हे परवडलं, कारण त्यांची भिस्त एका देणगीदारावर नव्हती. मूठभर धान्य देणाऱ्या बाईने कधी फलक मागितला नाही.

आता एका तऱ्हेवाईक माणसाबद्दल सांगतो. मी ज्या कॉलेजचे हिशेब बघायचो, तिथला एक माजी विद्यार्थी तहसील कचेरीत अव्वल कारकून होता. दर जूनमध्ये त्याची मनीऑर्डर यायची. फार मोठी रक्कम नसे. खालच्या कुपनावर बारीक अक्षरात ‘नळदुरुस्तीसाठी’. आणि आठवड्याने पत्र: मागच्या वर्षीच्या रकमेचं काय झालं? किती तोट्या बसवल्या? कुठून घेतल्या? दर काय लागला? पत्र आलं की कार्यालयात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. हेडक्लार्क मला म्हणाले, “साहेब, देतो शंभर आणि विचारतो हजाराचं.” पण त्याला उत्तर द्यावं लागतं म्हणून त्यांनी वेगळं खातं काढलं, हार्डवेअरच्या दुकानाची बिलं ओळीने चिकटवली. त्या संपूर्ण संस्थेत बोट ठेवायला जागा नसलेलं खातं ते एकच. त्या कॉलेजात पाण्याच्या टाकीखालचे नळ कधी गळताना मी पाहिले नाहीत.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. त्या कारकुनासारखे त्रासदायक माजी विद्यार्थी व्हा. मोठे झाल्यावर देईन, बंगला झाल्यावर देईन, असं ठरवणारे देत नाहीत, हे मी आयुष्यभर वह्यांमधून बघत आलोय. थोडं द्या, पण दरवर्षी द्या, दुरुस्तीला द्या, आणि पुढच्या जूनमध्ये विचारा: कुठे गेलं? अध्यक्षसाहेब, तुम्हाला हे आवडणार नाही, पण हिशेब विचारणारा माणूस संस्थेचा शत्रू नसतो. मेळाव्यात शाल घेऊन गप्प बसणाऱ्यापेक्षा तो तुमच्या जास्त कामाचा आहे. कायद्याने कॉलेज विकास समितीवर माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. तो नात्यातला नको, असा विचारणारा घ्या.

कायद्याचं थोडं, सवय जात नाही म्हणून. दोन हजारांवर रोख दिलीत तर देणगीवरची करसूट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. तेव्हा करासाठी देऊ नका. परदेशात गेलात आणि भारतीय पासपोर्ट ठेवलात, तर तुमचे पैसे साधी देणगी. तिथलं नागरिकत्व घेतलंत, की तीच रक्कम विदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतूनच यावे लागतात. पाठवायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर तुमच्या प्रेमापायी प्राचार्यांना नोटीस यायची.

बाहेर व्हरांड्यात माजी विद्यार्थी संघाचं टेबल आहे. जाताना तिथे नाव, चालू मोबाईल नंबर आणि ईमेल लिहा. आज पैसे देऊ नका, ते तुमचे नाहीत, वडिलांचे आहेत. पहिल्या पगारातून जमेल तेवढं पाठवा, आणि पावती आली नाही तर कार्यालयात फोन करा.