घरचे रेडिओ केंद्र आणि दुरून चालवायचे केंद्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरंभीच एक कबुली देतो. मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे. हौशी रेडिओची परीक्षा मी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. पहिल्या वेळी नियमांनी तारले, पण रोध आणि धारित्र यांनी दगा दिला. हे सांगण्याचे कारण असे की, "आमच्या मुलाला गणित जमत नाही, हे त्याचे काम नव्हे," असे म्हणणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

हौशी रेडिओ म्हणजे गाणी लावणारे केंद्र नव्हे. सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर, आपल्यासारख्याच परवानाधारकाशी बोलणे, एवढाच त्याचा अर्थ. येथे धंद्याची बोलणी चालत नाहीत आणि सांकेतिक भाषाही चालत नाही. प्रत्येकाला स्वतःचे हाकचिन्ह मिळते. भारतात ते बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. १९७८ च्या नियमांनी परीक्षेसाठी किमान वय बारा वर्षे ठेवले होते. अर्ज करताना त्या वेळी लागू असलेले नियम मात्र आपण स्वतः वाचावेत.

मागील मेळाव्यात एका पालकांनी मला हळूच विचारले, "मास्तर, छपरावर तार बांधली म्हणून पोलीस तर येणार नाहीत ना?" प्रश्न रास्त होता. परवान्यावाचून बोललात तर येतील, आणि त्यांनी यावेच. परवाना असेल, नोंदवही नीट लिहिलेली असेल आणि प्रत्येक संभाषणात हाकचिन्ह दिलेले असेल, तर लपविण्यासारखे काही उरतच नाही. शेजाऱ्यांनाही अगोदर सांगून ठेवावे. मी तर त्यांना घरी बोलावून ऐकवले.

आता केंद्राकडे वळू. नवशिक्याचे सर्व लक्ष यंत्राच्या पेटीवर असते. खरे केंद्र मात्र बाहेर, एरियलमध्ये असते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तांब्याची सुमारे वीस मीटर तार घ्यावी, मधोमध तोडून दोन्ही बाजू दहा-दहा मीटरच्या कराव्यात आणि मध्यभागी ५० ओहमची कोअॅक्सियल केबल जोडावी. मधला भाग बांबूवर सात-आठ मीटर उंच चढवून टोके दोन्ही बाजूंना उतरती बांधली तरी चालते. एवढ्यावर दिवसा आपला महाराष्ट्र ऐकू येऊ लागतो. तार थोडी लांब ठेवावी आणि मीटर पाहत पाहत कापावी. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे मी पदरमोड करून शिकलो. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा सांधा फार दिवस टिकत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याला डांबरी किंवा रबरी पट्टी गुंडाळावी. संचाला विजेसाठी १२ व्होल्टची बॅटरी असावी. तिचे महत्त्व पुढे येईलच.

मग दुरून चालवण्याची गरज का पडते? मी तालुक्याच्या गावी इमारतीत राहतो. गच्चीवर तार बांधायला परवानगी नाही. आणि मिळाली असती तरी एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट यांच्या खरखरीत दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. आमचे जुने घर मात्र खेड्यात आहे. तेथे नारळाची दोन झाडे, भरपूर शांतता आणि आमच्या फुफी. आपल्यापैकी अनेकांची अशी घरे गावाकडे आहेत. संच तेथे ठेवावा आणि इंटरनेटवरून येथून चालवावा, ही कल्पना अशी सुचते.

योजना समजायला कठीण नाही. संचाला एक छोटा संगणक जोडायचा. रास्पबेरी पाय पुरतो. तो लहर बदलतो आणि आवाजाची ने-आण करतो. बोलण्याच्या आवाजाला फार वेगवान इंटरनेट लागत नाही, पण अडखळणारे चालत नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर बाहेरून थेट घरच्या संगणकात शिरता येत नाही असे बहुधा आढळते, तेव्हा व्हीपीएनचा मार्ग घ्यावा लागतो. तो घेतलेला बरा, कारण उघड्या दारातून उद्या कोणीही आपल्या हाकचिन्हावर बोलेल.

प्रत्यक्ष गावाहून शहरात येण्याआधी मी घरातल्या घरात प्रयोग केला. संच माजघरात, मी लॅपटॉप घेऊन माळ्यावर. तार जोडलेली नव्हती. तिच्या जागी तेलाच्या डब्यात बुडवलेला रोध, ज्याला डमी लोड म्हणतात, तो होता. एफएमवर बोलत असतानाच वीज गेली. लॅपटॉपवरचा संपर्क तुटला. वीज गेली म्हणजे सगळेच बंद, असे समजून मी अंगणात वारा खात बसलो. अर्ध्या तासाने फुफींची हाक आली की, तुझा डबा इतका तापला आहे की हात लावता येत नाही.

झाले होते असे. राउटर विजेवर होता, तो बंद पडला. संच आणि छोटा संगणक बॅटरीवर होते, ते चालूच राहिले. 'बोलणे थांबव' हा निरोप संचापर्यंत पोचलाच नाही आणि तो अर्धा तास प्रक्षेपण करीत राहिला. तार जोडलेली असती तर तेवढा वेळ ती लहर मी अडवून ठेवली असती, आणि फुफी घरी नसत्या तर पुढे काय घडले असते, याचा विचार नको वाटतो.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरला. राउटरही बॅटरीवर. प्रक्षेपण तीन मिनिटांनी आपोआप तुटेल असा टायमर. संपर्क काही सेकंद तुटला की छोट्या संगणकाने स्वतःहून प्रक्षेपण बंद करायचे. आणि संचाची वीज तोडणारा स्वतंत्र स्विच, जो वेगळ्या मार्गाने, साध्या मोबाइल फोनवरून चालतो. पावसाळ्यात आणखी एक काम असते. घरी असताना विजा चमकू लागल्या की आपण केबल काढून ठेवतो. दूरच्या केंद्रात ती काढणार कोण? यासाठी काम संपताच एरियल जमिनीला जोडणारा रिले आणि केबलवर तडितरोधक हवा. एवढे करूनही जून ते सप्टेंबर मी तेथील तार सोडूनच ठेवतो.

दूरच्या केंद्रावर मी आजवर फक्त ऐकतो, बोलत नाही. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. तेव्हा दुरून बोलण्यापूर्वी परवाना देणाऱ्या खात्याला लेखी विचारावे आणि उत्तर फाइलला लावावे, असे मला वाटते. माझे पत्र गेलेले आहे. काही मित्र या सावधपणाला हसतात. हसोत बापडे.

माझा आग्रह पहिल्या, म्हणजे समोर बसून चालवायच्या केंद्रासाठी अधिक आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवण्यासाठी गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन कोलमडले, आणि छंदासाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. तेथे इंटरनेटच्या भरवशावरचे केंद्र काय कामाचे होते? संच, तार, बॅटरी आणि चालवणारा माणूस एका जागी होते, म्हणून काम झाले.

ज्यांना आज, काहीही खर्च न करता, दुरून चालणारे केंद्र पाहायचे आहे त्यांनी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवर उघडावा. जगभरचे लोक एकाच वेळी तो ऐकतात, आणि प्रत्येकाला आपापली लहर निवडता येते. नववीतल्या एका विद्यार्थिनीने त्यावर मोर्स ऐकून पानभर अक्षरे उतरवून आणली. निम्मी चुकली होती. निम्मी बरोबर होती.

येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी शाळेच्या विज्ञान कक्षात रिसीव्हर लावून बसणार आहे. पालकांनीही यावे. वही आणि पेन्सिल आणावी, पेन नको. खोडावे फार लागते.