धोऱ्यावरची फटफटी

जैसलमेरहून पश्चिमेस सुमारे 40 किलोमीटर गेले की सम नावाचे गाव लागते. तेथवर येईपर्यंत प्रवाशाची थोडीशी निराशाच झालेली असते. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्षितिजाला भिडलेल्या वाळूच्या लाटा येतात. येथे मात्र कोसच्या कोस खडकाळ माळ, खुरटी झुडपे आणि शेळ्यांचे कळप. मग एकाएकी वाळूच्या टेकड्यांची ती प्रसिद्ध रांग समोर उभी राहते. तिकडे या टेकड्यांना धोरे म्हणतात. दिवाळीच्या सुटीत येथे मराठी इतकी कानांवर पडते, की आपण लोणावळ्यास तर उतरलो नाही ना, असा संशय यावा.

धोऱ्यांच्या पायथ्याशी बसलेल्या उंटांच्या शेजारी अलीकडे आणखी एक वाहन उभे असते. चार फुगीर चाके, घोड्यासारखी मांड टाकून बसण्याचे आसन आणि धरावयास सायकलीसारख्या मुठी. तिला क्वाड बाईक म्हणतात. जुन्या बोलीत सांगायचे तर चारचाकी फटफटी. तिची थोरली बहीण तीन चाकांची होती. जपानच्या होंडा कंपनीने 1970 साली ती अमेरिकेच्या बाजारात आणली. वळणावर कलंडण्याची तिची खोड इतकी जिवावर बेतू लागली, की 1988 साली तेथील सरकार आणि उत्पादक यांच्यात समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. चार चाकांची गाडी तोपर्यंत आलेली होतीच.

वाळूत बैलगाडी रुतते, मोटार रुतते, मग ही का रुतत नाही? मोटारीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस इंचास 30 पौंडांच्या आसपास असतो. हिच्या चाकात तो बहुधा चार-पाच पौंडच ठेवतात. चाक जमिनीवर पसरते, भार वाटला जातो, आणि वाळू तो पेलते. उंटाचा तळवा नीट पाहिलात तर हीच योजना दिसेल. पाय टेकताच तो भाकरीसारखा रुंदावतो. मोटारीच्या बाबतीत या युक्तीचा पद्धतशीर उपयोग ज्यांनी केला, त्यांत राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याचे नाव आदराने घेतले पाहिजे. 1920 नंतरच्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना तो सुटीत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरे. चाकांतली हवा कमी करावयाची आणि गाडी रुतलीच तर खाली लोखंडी पन्हळ घालावयाची, हा त्याचा शिरस्ता. पण या गृहस्थाचे मोठेपण गाडी हाकण्यात नाही. वाळू अशी का वागते, हा प्रश्न त्याला सुटू देईना. घरी जाऊन त्याने वाऱ्याचा बोगदा उभारला, त्यात वाळू उडवून मोजमापे घेतली आणि 1941 साली उडत्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

त्या अभ्यासाचा थोडा अंश स्वाराने ध्यानी धरला, तर हाडे शाबूत राहतील. धोऱ्याला दोन बाजू असतात आणि त्यांचे स्वभाव अगदी निराळे. वारा जिकडून येतो तिकडची चढण लांब आणि सौम्य असते. तेथे उडणारा कण दुसऱ्या कणांवर आपटत, त्यांनाही उडवीत पुढे सरकतो, आणि या अखंड माऱ्याने वाळू चांगली घट्ट बसते. माथ्यापलीकडे वारा पडतो. कण तेथे नुसते ओघळतात आणि सुमारे 33 अंशांची सैल, तीव्र उतरण तयार होते. सौम्य बाजूने वेगात वर येणाऱ्यास पलीकडची बाजू मुळीच दिसत नाही. ती एकाएकी संपते, आणि तिच्या तळाशी कधी दुसरी गाडी असते, कधी छायाचित्र काढण्यात रमलेले एखादे कुटुंब. जाणते स्वार म्हणून माथ्याआधी वेग आवरतात. चढताना आणि उतरताना तोंड सरळ ठेवावे. तिरकस जाणे म्हणजे कलंडण्यास निमंत्रण. चाक फिरू लागले आणि गाडी पुढे जात नसेल, तर जोर वाढवू नये. आपणच आपला खड्डा खणत असतो. मुलास मांडीवर घेऊन निघालेले वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या हौसेचे मला कौतुक वाटले नाही.

आता वाळूचे काय? उघड्या धोऱ्यावरील चाकाची खूण वाऱ्याच्या एका रात्रीत बुजते. तेवढ्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. खरी नाजूक जागा धोऱ्यांच्या मधल्या सपाटीवर आहे. तेथे सेवण गवताची ठोंबे असतात, फोगाची झुडपे असतात. फोगाच्या कळ्यांचे रायते तिकडे आवडीने खातात. त्याची मुळे वाळूत दूरवर पसरून तिला धरून ठेवतात. ती तुटली की थांबलेली वाळू पुन्हा चालू लागते आणि कुणाच्या तरी शेतावर जाते. वाळू थोपविण्याकरिता जोधपूरला 1952 साली वनीकरणाचे केंद्र निघाले. 1959 साली त्याची मध्यवर्ती शुष्क प्रदेश संशोधन संस्था झाली. तेथील शास्त्रज्ञांनी काट्याकुट्यांचे आडवे बांध घालून, त्यांच्या आडोशाला गवत आणि झाडे लावून चालते धोरे जागच्या जागी बसविले. वर्षानुवर्षांचे हे काम, आणि गाडीचा स्वार चार क्षणांत जवळचा रस्ता म्हणून गवतातून जातो! याच मुलुखातल्या गवताळ माळांवर माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो. आपल्या सोलापूरकडील नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केले, तोच हा पक्षी. रानात आता तो दीडशेच्या आत उरला आहे.

राहता राहिला उंट. राजस्थानात 2012 च्या पशुगणनेत उंट सव्वातीन लाख होते, 2019 मध्ये दोन लाख तेरा हजार. हे पाप या फटफटीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ट्रॅक्टर आला, चराईची जमीन आकसली, उंटाच्या व्यवहारावर कायद्याची बंधने आली, अशी कारणे पुष्कळ आहेत. तरी समच्या वाळूवर ज्याचा उंट बसून आहे, त्याच्या डोळ्यांसमोरचे गिऱ्हाईक मात्र हीच नेते. उंटाला गिऱ्हाईक असो वा नसो, चारा लागतोच. त्याचा धनी म्हणूनच पहाटेच्या फेरीसाठी आग्रह धरतो. त्या वेळी वाळू गार असते, इंजिने सुरू झालेली नसतात, आणि रात्री हिंडून गेलेल्या कोल्ह्याची पावले तो तुम्हांला उंटावरूनच दाखवितो.